शोभेचं फूल

तोयामात पहिली कळी फुटायच्या आधीच
मी चार हजार फुलं लावली होती.

हायवेलगतचा डब्यांचा कारखाना,
रात्री दहा ते पहाटे तीन.
पट्ट्यावरून भात सरकत येतो
आणि भातावर मी एक फूल ठेवायचं:
मुळ्याचं, पाच पाकळ्यांचं, गुलाबी पाण्यात मुरवलेलं.
देठ नसतो त्याला, पण दिशा असते.
एक पाकळी वर, बरोब्बर वर.
वाकडं पडलं तर कुरोइवा-सान ओरडत नाहीत,
एका बोटाने सरळ करतात
आणि माफी मलाच मागतात.

डावीकडे दिल्फूझा, ताश्कंदची, अंडं ठेवते.
उजवीकडे इंद्रकला, पाल्पाची, झाकण लावते.
मास्कच्या वर उरतात त्या दोन बोटांवरून
आम्ही एकमेकींना ओळखतो.
परवा बसमध्ये दिल्फूझाचं नाक दिसलं
आणि मी उगाच लाजले.

आठवड्याला अठ्ठावीस तास, जास्त नाही,
कार्डाच्या पाठीवर शिक्का मारून लिहिलंय.

टीव्हीवरच्या नकाशात गुलाबी रेघ रोज थोडी उत्तरेला सरकते.
निवेदक तारीख सांगतो बोर्डाचा निकाल सांगावा तशी.
मग एका सकाळी सायकल काढते
तर सीटवर पाकळ्या.
घरमालकीण ओगासावारा-सान कचऱ्याच्या जाळीवरून झाडू फिरवत असतात.
मी विचारते, या कशात टाकायच्या?
त्या विचारात पडतात, खरोखर पडतात.
मग म्हणतात, जळणाऱ्यात. मंगळवारी.

आईला व्हिडिओवर झाड दाखवलं.
बाई गं, पान दिसेना, केवढा हा बहर!
फळ काय धरतं?
म्हटलं, याला फळ असं धरत नाही.
ती थोडा वेळ झाडाकडे बघत राहिली,
एखाद्या शिकल्यासवरल्या, बेकार भाच्याकडे बघावं तशी.
मग म्हणाली, जेवलीस का?

शनिवारी लॅबची हानामी.
सगळ्यात ज्युनियर मी, म्हणून जागा धरायचं काम माझं.
कारखान्यातून थेट नदीकाठी,
निळी ताडपत्री, चार कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या.
या देशात एवढी जागा पहिल्यांदाच माझ्या ताब्यात.
चिकटपट्टीवर नाव अर्थात मोरिशिता सरांचं.
बसल्या बसल्या डोळा लागला.
उठले तर अंगावर कुणाचीतरी उघडी छत्री.
शेजारच्या ताडपत्रीवरचे आजोबा म्हणाले,
दोघं जण जागा विचारून गेले.
मी सांगितलं, बाई जागीच आहे.

बाराला डबे आले.
झाकण पाहिलं आणि काही बोलले नाही.
सात डबे, सात फुलं,
सहा सरळ.
आराईने चॉपस्टिकने फूल उचललं
आणि झाकणाच्या कडेला ठेवलं.
मग बाकीच्यांनीही.
मी बघतेय हे पाहून त्याने समजावलं,
अगदी सावकाश, सोप्या जपानीत:
हे शोभेचं असतं. खाल्लं तरी चालतं.

मी खाल्लं.
चार हजार लावून
चव आज कळली.
आंबट, मागून जरासं गोड, गार.

वारा आला तसा सगळ्यांनी एकदम "आss" केलं,
सरांनीसुद्धा, चष्मा काढून.
भातात, बिअरमध्ये, आराईच्या केसांत
पडतील तशा पाकळ्या पडल्या,
उलट्या, सुलट्या, अर्ध्या.
कुणीही एक बोट पुढे करून
त्या सरळ केल्या नाहीत.

सोमवारी रात्री पट्ट्यावर नवीन ट्रे होता.
फुलांचा डबा बंद, कुरोइवा-सान म्हणाले,
आजपासून बांबूचा कोंब.
कोंबाची वरची बाजू कुठली, सांगितलं नाही,
बहुधा नसावीच.
साडेबारापर्यंत तरी माझं बोट
ती एक पाकळी शोधत होतं.